हिमालयाच्या चिखलाला हळदकुंकू

आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यात हुशार कोण यावर भांडण होऊ शकतं. सगळ्यात बिनडोक कोण यावर होत नाही. ती जागा माझी, पर्मनंट. साहेब बदलले, टेबलं बदलली, पंखे बदलले, माझ्या जागेवर कुणी अर्ज केला नाही.

माझं काम बाटल्या धुणं, चाळण्या धुणं, चहा आणणं, कुलूप लावणं. शाळा म्हणाल तर गुरुजींनी वडिलांना बोलावून सांगितलं होतं, ह्याला शेतात घाला, तिथं निदान बुजगावण्याचा पगार वाचेल. वडिलांनी तोवर नांदेडकडची शेती सोडून हैदराबाद गाठलं होतं, त्यामुळं ती नोकरी पण गेली. आता बरकतपुऱ्यात राहतो. घरात मराठी, गल्लीत दखनी, बाजारात तेलुगू. तिन्ही भाषांत मी सारखाच चुकतो, कुणावर अन्याय नाही.

आमच्याकडं एक पोरगी संशोधन करायला आली. मराठवाड्यातलंच बौद्ध कुटुंब, वडील सरकारी नोकरीत, घर हिमायतनगरच्या मागं. अख्ख्या विभागात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. ती मला काका म्हणायची. मी चारचौघांत मॅडम म्हणायचो, एरवी पोरी. मराठी एकदम फाडफाड बोलायची, पण मराठी पेपर पुढं केला की मला म्हणायची, "काका, तुम्हीच वाचा." मग आम्ही दोघं मिळून फोटो बघायचो.

ही पोरगी हिमालयात गेली आणि तिथून चिखल घेऊन आली. लोक तिकडून सफरचंदं आणतात, शाल आणतात. हिनं लांब पाईपभर काळा चिखल आणला, बर्फाच्या पेटीत घालून, लेकराला आणावं तसा. मी झाकण उघडून वास घेतला.

"पोरी, खत आहे का? एक मूठभर दे की. तुझ्या काकूचा कढीपत्ता लई दिवस झाला रुसलाय."

तिनं पेटी छातीशी धरली. "काका, ह्याला हात लावाल तर मी इथंच रडंन."

मग तिनं मला समजावलं. तिथं वर थंडीत दलदल असते. शेवाळ उगवतं, मरतं, पण थंडी आणि पाण्यामुळं धड कुजत नाही. मेलेल्यावर नवं उगवतं, तेही मरतं, असे थरावर थर बसत जातात. त्याला पीट म्हणतात. जेवढं खाली जावं तेवढं जुनं. आणि त्या ओल्या शेवाळात एक बारीक जीव राहतो, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, अमीबा. पण हा अमीबा नागडा नाही, अंगावर घर घेऊन फिरतो. कुणाचं घर वाटीसारखं, कुणाचं सुरईसारखं, कुणी वाळूचे कण चिकटवून बांधलेलं. जीव मरतो, घर राहतं.

"मग त्या घरांचं तू काय करणार?"

"काका, ह्यातल्या काही जातींना भरपूर पाणी लागतं. काही कोरड्या शेवाळात पण राहतात. ज्या थरात पाणीवाल्यांची घरं जास्त, तेव्हा तिथं पाणी होतं. कोरड्यावाल्यांची जास्त, तेव्हा सुकलं होतं. तिथं तेव्हा कुणी पाऊस मोजायला बसलं नव्हतं. हेच बसले होते."

मी मान हलवली. मला मान हलवायची सवय आहे. त्या मानेवरच नोकरी टिकली. मग विचारलं, "घरपट्टी कोण भरायचं?"

"काका, चाळण्या धुवा."

चाळण्या मात्र मी मन लावून धुतल्या. दोन चाळण्या. पिटाचा तुकडा ती पाण्यात उकळायची, मग मोठ्या चाळणीतून गाळायची, काड्याकचरा वर राहायचा. मग खालचं पाणी एकदम बारीक चाळणीतून, इतक्या बारीक की पाणीसुद्धा विचार करून खाली उतरायचं. त्या बारीक चाळणीवर जे राहील ते तिचं धन. ते छोट्या बाटल्यांत भरायचं, बसू द्यायचं, मग थेंब थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली मोजत बसायचं. सकाळी बसली की संध्याकाळी मान वाकडी करून उठायची. आमच्या घरी तांदूळ निवडायला एवढा वेळ लागला असता तर काकूनं मलाच निवडून फेकून दिलं असतं.

आता मागच्या दसऱ्याची गोष्ट. सुट्टीच्या आधी तिनं एका थराच्या बाटल्या भरल्या. पाईपच्या साधारण मध्ये एक पातळ थर होता, करंगळीएवढा, रंगानं जरा वेगळा. ती म्हणाली, "काका, काही घडलं असेल तर इथंच घडलंय. वरती कोरडे, खालती कोरडे, मधी काय ते बघायचंय." थर पातळ, म्हणून माती सगळीच्या सगळी त्या बाटल्यांत गेली, मागं चिमूटभर राहिली नाही. बाटल्या ओळीनं मांडल्या, तोंडं उघडीच, वरून चंदेरी कागद झाकला, आणि ती आईवडिलांबरोबर नागपूरला गेली, दीक्षाभूमीला. त्यांचा तो मोठा दिवस.

इकडं नवमीला आमची आयुधपूजा. खाली तिचे गाईड सर आपल्या कारच्या चाकाखाली लिंबू ठेवून आले होते. मला म्हणाले, "अरे भाई, ऊपर लॅब का भी कर दो. नारळ मैं फोडतूं." सर तेलुगू, पण माझ्याशी दखनीत बोलायचे. तेलुगूत बोलले की मी सगळ्यालाच हो म्हणतो, ते त्यांनी एकदा भोगलंय.

मग काय, मी पेटलो. आंघोळ करून आलेलोच होतो. फुलवालीकडून झेंडूचे हार घेतले, तिच्या टबातून काढलेले, पाणी गळत होतं. सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू लावलं, भट्टीला लावलं, चाळण्यांना लावलं, फ्रीजला लावलं. एक उदबत्ती फ्रीजलाही लावली. कुणाला वाईट वाटायला नको.

आणि तिच्या बाटल्यांपाशी आलो. वर चंदेरी कागद. आता आमच्याकडं रीत अशी, की पूजेला हत्यार उघडं पाहिजे. वडील विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, सगळं पोत्यातून काढून, घासून, अंगणात उघडं मांडायचे. म्हणायचे, झाकल्या हत्याराला देव दिसत नाही. मी विचार केला, पोरगी बिचारी परगावी, तिच्या हत्याराची पूजा राहायला नको. कागद काढला. प्रत्येक बाटलीला हळदकुंकवाचं बोट लावलं. फुलानं पाणी शिंपडलं. आणि वरच्या फळीच्या खिळ्याला हार बांधला, चांगला घसघशीत, बाटल्यांच्या बरोब्बर डोक्यावर. सरांनी नारळ फोडला, खोबरं खाल्लं, म्हणाले, "बढिया." मग मी कागद परत झाकला. काळजी घेतली म्हणून स्वतःवरच खूश झालो.

ती परत आली, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, आणि काच पुढं-मागं सरकवत राहिली. मग म्हणाली, "काका, हिमालयात झेंडू असतो का?"

"असंल की. देव तिथंच राहतो."

"पिटात झेंडूचे पराग आहेत. काटेरी, गोल. आणि हे पिवळं काय आहे? काका, ही हळद आहे?"

मी सगळं सांगून टाकलं, वर विचारलं, "छान दिसत होतं, फोटो पाहिजे का?" फोटो होता माझ्याकडं. फोनमध्ये. तिनं फोटो बघितला. तिचं तोंड असं झालं की मी फोन खिशात घातला आणि मग परत काढून तिच्या हातात दिला, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

हळद आणि झेंडूचं काही नव्हतं. ते ओळखू येतं, मोजताना सोडून देता येतं. खरी आफत वेगळीच होती, ती गाईड सरांनी सांगितली. त्या थरात तिला पाणीवाल्यांची घरं सापडली होती. वाटीच्या आकाराची, रेटून. वरती खालती कोरडेवाले, मधी अचानक पाणी. ज्यासाठी ती हिमालयात जाऊन बोटं गोठवून आली, तेच सापडलं होतं.

"अम्मा, पण हेच वाटीवाले साध्या डबक्यात राहतात," सर तिला दखनीत म्हणाले, मी मराठीत सांगतो. "फुलवालीच्या टबात पण असतील. हारातून गळले असतील तर? हे पाणी हिमालयाचं का कोठी बाजाराच्या नळाचं, कसं सांगशील?"

ती बाटल्यांवरची हळद बोटानं पुसत राहिली. मी गप्प. माझं गप्प बसणं कुणाच्या लक्षात येत नाही, एरवी मी बोललेलं पण येत नाही.

"थर सोडून दे," सर म्हणाले. "आलेखात तिथं तुटक रेघ काढ. परीक्षेत कोणी विचारलं तर नमुना खराब झाला म्हण."

"सर, मधला थर गेला तर माझ्याकडं राहिलं काय? वरती कोरडं, खालती कोरडं. मी कोरडी ठणठणीत."

परत जाऊन आणायचं म्हणाल तर वरचे रस्ते बर्फानं बंद व्हायला आले होते, उन्हाळ्यापर्यंत उघडणार नव्हते. तोवर तिची फेलोशिप संपत होती. हे तिनं मला सांगितलं ते चिडून नाही. चिडली असती तर बरं झालं असतं, मी चिडलेल्या माणसांपुढं चांगला उभा राहतो, घरी सराव आहे.

दुसऱ्या दिवशी आली ती तयारी करून. माझ्यापुढं उभी राहिली. "काका, पूजा परत करायची."

"आता? दसरा गेला."

"तशीच्या तशी. तीच फुलवाली, तेच हार, तोच खिळा. खाली माझ्या बाटल्या नाहीत, स्वच्छ पाण्याच्या. उकळलेलं पाणी, काही नसलेलं. तुमच्या पूजेनं त्यात काय काय पडतं ते मला मोजायचंय."

मी आयुष्यात लई कामं बिघडवली, पण बिघडवलेलं काम परत तस्संच बिघडवून दाखवा असं कुणी सांगितलं नव्हतं. आणि ह्यात मी कमी पडणार नव्हतो. ह्या एका कामात माझा हात कुणी धरू शकत नाही.

फुलवालीकडं गेलो. आडवारी, सण नसताना झेंडूचे एवढे हार बघून ती म्हणाली, "क्या चाचा, दूसरी शादी?"

"नै अम्मा, वही पूजा, दोबारा."

"पैली वाली भगवान को पोंची नै क्या?"

"भगवान कू तो पोंची. वो पोट्टी कू बी पोंच गई, वोच तो परेशानी है."

पोरीला तिच्या टबातलं पाणी पण पाहिजे होतं, म्हणून तेही बाटलीभर मागितलं. फुलवालीनं माझ्याकडं असं बघितलं की मी ठरवलं, आता काही महिने फुलं दुसरीकडून घ्यायची.

लॅबमध्ये आल्यावर पंचाईत सुरू झाली. पोरगी वही नाही, फोन धरून उभी, आणि नवमीचा माझाच फोटो बघून विचारतीय. "हार ओला होता का झटकून लावला?" आठवेना. "पाणी किती वेळा शिंपडलं?" आठवेना. "काका, काय आठवतं?" मला फक्त खोबरं आठवत होतं, मोठा तुकडा सरांनी घेतला होता.

"मग झटकू नका. जास्तच गळू द्या. जेवढं वाईट होईल तेवढं होऊ द्या," ती म्हणाली. "शिंपडा पण जास्त. मला सगळ्यात वाईट काय झालं असेल ते पाहिजे."

असा मोकळा हात मला कुणी दिला नव्हता. मी हळदीची वाटीच उचलली. हार टांगला, तो टपटप गळला. उदबत्ती लावली, राख पडली. मंत्र मला येत नाही, त्या दिवशी जे पुटपुटलो होतो तेच पुटपुटलो. मधी थांबलो, कारण समोर ती उभी होती, फोनवर वेळ लावून.

"पोरी, हात तरी जोड. रिकामी पूजा चालत नाही."

"काका, जोडायचं तुमच्याकडं, मोजायचं माझ्याकडं. असं वाटून घेतलंय आपण."

सर दारातून डोकावले. उदबत्तीचा धूर, झेंडू, मी डोक्यावर रुमाल घेतलेला, ही घड्याळ लावून उभी.  मी विचारलं, "सर, नारळ?" ते निघून गेले. नारळ मग मीच फोडला, कारण तिनं सगळं तसंच पाहिजे म्हणून सांगितलं होतं. पहिल्या फटक्याला फुटला नाही. त्या दिवशी सरांच्या हातून फुटला होता, तेवढाच काय तो फरक प्रयोगात राहिला.

मग तिनं एक गुलाबी रंग काढला. म्हणाली, हा रंग मांसाला चढतो. नुकताच मेलेला, आत अजून काही उरलेला अमीबा असेल तर गुलाबी होईल. हजारो वर्षांचं रिकामं घर असेल, आणि वर उकळून काढलेलं, तर त्याला रंग चढायला आत काहीच नाही. पूजेच्या पाण्यात घातला, फुलवालीच्या टबाच्या पाण्यात घातला, आणि मग, जरा थांबून, आपल्या थराच्या बाटल्यांतल्या थेंबांत घातला.

ती मोजायला बसली. मला त्या आठवड्यात काम नव्हतं असं नाही, पण मी तिथंच घुटमळत होतो. एकदा तिनं मला बघायला बोलावलं. मी डोळा लावला आणि म्हणलो, "मोठा काळा किडा दिसतोय, पाय हलवतोय." ती माझी पापणी होती. दुसऱ्यांदा दिसलं. गोल, वाटीसारखं, मधी एक बारीक भोक, आत गुलाबी गोळा. हे टबातलं. मग तिनं काच बदलली. तसंच गोल, तसंच भोक, रंग विटक्या चहासारखा, आणि आत काही नाही. आरपार दिसत होतं. हे तिच्या थरातलं. तिनं काच सरकवली, अजून एक, अजून एक, शेजारी शेजारी, सगळे रिकामे.

"फुलवालीच्या टबात आहेत का हे वाटीवाले?" मी विचारलं.

"आहेत. सर बरोबर होते. पण पूजेच्या बाटल्यांत फार थोडे पडतात काका, एवढं शिंपडून पण. आणि पडतात त्यातले बहुतेक गुलाबी होतात. माझ्या थरात हे रेटून आहेत, आणि त्यात गुलाबी फक्त दोन."

"म्हणजे दोन माझे."

"दोन तुमचे."

सर लगेच ऐकणारे नव्हते. आले, बसले, बघितलं, म्हणाले, टबातनं रिकामी घरं पण पडू शकतात. ती म्हणाली, पडतात सर, ती पण मोजलीत, बघा ना किती. सरांनी टबाचं पाणी बघितलं, पूजेचं बघितलं, तिचं बघितलं, परत टबाचं बघितलं. सरांना तिच्याबद्दल वाईट वाटत होतं, म्हणूनच ते भांडत होते, हे मला पण कळत होतं. शेवटी म्हणाले, "मी मानतो. पण मी मानून काय? बाहेरची परीक्षक मानायला पाहिजे. ती नाही म्हणाली तर थरासकट तू पण अडकशील. अजून विचार कर."

"केला सर. रेघ तुटक नाही काढणार."

परीक्षेच्या दिवशी बाहेरून एक मोठ्या मॅडम आल्या. पांढरे केस, बारीक आवाज. असल्या बारीक आवाजाला मी घाबरतो. मोठा आवाज संपतो, बारीक चालू राहतो. पोरगी पडद्यावर एकेक दाखवत गेली, दलदल, पाईप, थर. मधल्या थरापाशी आली आणि मॅडमनी विचारायच्या आधीच म्हणाली, "ह्या नमुन्यावर आयुधपूजा झाली आहे."

 मी चहाचा ट्रे घेऊन दारात होतो, तसाच थांबलो. तिनं सगळं सांगितलं. चंदेरी कागद, हळद, हार, टब, दुसरी पूजा. माझं नाव घेतलं नाही, "आमचे काका" म्हणाली, आणि सगळ्यांनी मागं वळून आमच्या काकांकडं बघितलं. मी ट्रे जरा वर धरला, तोंड झाकायला. ट्रे लहान होता.

मॅडम उठल्या आणि सूक्ष्मदर्शकापाशी जाऊन बसल्या. काच सरकवली. परत सरकवली. पोरगी शेजारी उभी, दोन्ही हात मागं घट्ट धरलेले. सरांनी घड्याळाकडं बघितलं आणि मग खाली बघितलं. चहा गार व्हायला लागला, पण आत जावं की नाही कळेना.

"हे दोन गुलाबी?" मॅडमनी मान वर न करता विचारलं.

"ते काकांचे, मॅडम."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे माझे."

मॅडम अजून थोडा वेळ बघत राहिल्या. मग चष्मा घातला. "थर ठेव," म्हणाल्या. "आणि पूजेचं सगळं लिही, लाजू नको."

"लिहिलंय मॅडम. एक अख्खं प्रकरण आहे."

मॅडम हसल्या तेव्हा सरांनी खिशातला रुमाल काढला आणि कपाळ पुसलं. मी आत गेलो, गार चहा वाटला, आणि कुणी तक्रार केली नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

नंतर ती व्हरांड्यात उभी राहून आईला फोन करत होती. मी कप गोळा करून तिच्या मागून चाललो होतो. "आई, थर राहिला," ती म्हणाली. पलीकडून काहीतरी आलं, म्हणजे आईला कळलं नसणार. मग तिनं आवाज सावकाश केला, जसा माझ्याशी करायची.

"आई, ऐक. लई वर, हिमालयात, एक दलदल आहे. आता तिथं चालता येतं, पाय जरासेच ओले होतात. पण फार फार पूर्वी, काही काळ, तिथं पाणी साचलेलं होतं." आईनं पलीकडून काही विचारलं. "हो. नक्की. मी बघितलंय."